कपाटांतील चित्र

यंदाच्या अंकासाठीं जुन्या शिक्षकांनीं एखादी आठवण लिहून द्यावी, असें संपादकमंडळाचें पत्र आलें, तेव्हां आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभें राहिलें तें एका विलायती गवयाचें चित्र. वाचकांस ह्याचें आश्चर्य वाटेल. ज्यांनीं आमच्याकडून मराठी व्याकरणाचे धडे आणि छड्या एकाच तासांत घेतल्या आहेत, त्यांस तर अधिकच वाटेल. पाश्चात्य संगीतांतलें आम्हांला कांहीं कळत नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचें गाणें म्हणजे प्रार्थनेच्या वेळीं पेटीवर म्हटलें जाणारें गीत आणि सुटींत घरीं कानांवर पडणारें भजन, एवढेंच. तरी ह्या एका गवयानें आमच्या मनांत जी जागा अडवून ठेविली आहे, ती आम्हीं त्याला आपण होऊन दिलेली नाहीं.

गोष्ट १९८६ सालची. दिवाळीची सुटी संपून मुलें नुकतींच परत आलीं होतीं. आम्ही त्या वेळीं वसतिगृहाचे रेक्टर होतों. वय अठ्ठावीस, म्हणजे ज्या वयांत शिस्तीचा उत्साह फार आणि अनुभव थोडा असतो तें. रात्रीं ट्रंकांची तपासणी करतांना आठवीच्या एका मुलाच्या ट्रंकेच्या झांकणाला आंतून चिकटविलेलें एक रंगीत चित्र आम्हांला सांपडलें. पिवळें धमक, बकलें लावलेलें जाकीट. पांढरी विजार, तिच्या कडेला तांबडी पट्टी. आंखूड केंस, जाड काळी मिशी. एक हात आकाशाकडे उगारलेला आणि दुसऱ्या हातांत ध्वनिक्षेपकाची अर्धीच काठी. मुलाचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्यानें आणलेल्या परदेशी मासिकांतून मुलानें तें कापून घेतलें होतें.

"हा कोण रे?" आम्हीं विचारलें.

"सर, फ्रेडी मर्क्युरी. गातो."

"आणि हा तुझ्या ट्रंकेंत कशाला?"

मुलगा थोडा घुटमळला, मग म्हणाला, "सर, हा आपल्या पांचगणीचा आहे. तिथल्या बोर्डिंगमध्यें होता, आमच्यासारखा. मामा म्हणतो."

खोलींतलीं सारीं मुलें हंसलीं. आम्हीहि हंसलों, आणि मग रागावलों. चित्र काढून घेणें हा नियमच होता. तेवढ्यासाठीं आम्ही फारसें बोललोंहि नसतों. परंतु शिक्षकाच्या तोंडावर इतकें धडधडीत असत्य! विलायतेंतला हा मिशाळ मनुष्य, आणि म्हणे पांचगणीच्या बोर्डिंगांतला! 'मी खोटें बोलणार नाहीं' हें वाक्य पन्नास वेळां लिहून आणण्याची शिक्षा आम्हीं त्याला दिली. मुलगा रडला नाहीं, कीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें वही आणून दिली. अक्षर चांगलें होतें. पन्नासाव्या ओळीखालीं नेमाप्रमाणें सहीहि होती. चित्र आमच्या कपाटांत गेलें. मुलगा पुढें दहावी होऊन १९८९ सालीं शाळेंतून गेला, आणि चित्र परत द्यावयाचें राहून गेलें.

१९९१ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रांत ह्या गवयाच्या मृत्यूची वार्ता आम्हीं वाचली. २४ नोव्हेंबर रोजीं लंडन येथील राहत्या घरीं तो वारला, वय पंचेचाळीस. वार्तेच्या शेवटीं चार ओळी अशा होत्या कीं, त्या पुन्हां पुन्हां वाचतां हातांतला चहा निवून गेला. ह्या मनुष्याचें मूळचें नांव फरोख बुलसारा. जातीनें पारशी. जन्म झांझिबार बेटावर, ५ सप्टेंबर १९४६ चा. आणि शिक्षण? पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत.

त्या दिवशीं आमचा तास नीट झाला नाहीं.

तेव्हांपासून ह्या माणसाविषयीं जें कांहीं हाताला लागलें तें आम्ही वाचीत आलों. गाणीं समजावीं म्हणून नव्हे. ज्या मुलाला आपण खोटें ठरविलें त्याचें म्हणणें किती खरें होतें, हें मोजावयासाठीं. तें पुरें खरें निघालें.

बुलसारा हें नांव गुजराथेंतील बुलसार, म्हणजे आजचें वलसाड, ह्या गांवावरून पडलेलें. वडील झांझिबारला इंग्रज सरकारच्या कचेरींत कारकुनी पेशाची नोकरी करीत. मुलाला चांगलें शिक्षण मिळावें म्हणून आठव्या वर्षीं त्यांनीं त्याला समुद्रापलीकडे पांचगणीला धाडिलें. आठ वर्षांचा मुलगा, अफाट समुद्र, मग मुंबई, मग पुणें, वाई, आणि पसरणीचा घाट! सुटीला घरीं जावें तर घर एका खंडाच्या अंतरावर. म्हणून पुष्कळशा सुट्या मुंबईस नातलगांकडे जात. ज्यांनीं वसतिगृह चालविलें आहे त्यांना आठ वर्षांचें मूल म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. दिवसा तें हुंदडतें; रात्रीं दिवा गेला कीं कांबळ्याखालून बारीक आवाज येतो. त्यांतलीं कांहीं मुलें पुढें घुमीं होतात, आणि कांहीं सर्वांना हंसविणारीं, नकला करणारीं, नाटकांत पुढें असणारीं होतात. ह्या दुसऱ्या प्रकाराला आम्ही पूर्वीं सुखी मुलें समजत होतों.

१९९३ सालीं मुलांची सहल घेऊन आम्ही पांचगणीस गेलों होतों. मुलें टेबल लँडवर घोड्यांच्या मागें लागलीं असतां आम्ही एकटेच चालत सेंट पीटर्सच्या बाजूस गेलों. आंत जाण्याचें कारण नव्हतें व धैर्यहि नव्हतें. सिल्व्हर ओकच्या झाडांखालीं रस्त्यावरच उभे राहून पाहिलें. धुकें उतरत होतें. लहान मुलांची एक रांग कुठेंशी चालली होती. तींत शेवटचा मुलगा सुटलेला बुटाचा बंद ओढीत पळत होता. त्या दिवसाचें आम्हांला एवढेंच आठवतें.

ह्या शाळेंत फरोखचा फ्रेडी झाला. तो पिआनो शिकला व त्याच्या चौथ्या श्रेणीच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. शाळेच्या गायकवृंदांत गाइला, नाटकांत उतरला. टेबल टेनिस बरें खेळे आणि मुष्टियुद्धहि करी. त्याच्या तोंडांत चार दांत जास्त होते. त्यांच्या दाटीनें पुढचे दांत बाहेर आलेले. त्यावरून मुलें त्याला चिडवीत. ही चिडवणूक त्याला इतकी लागली होती कीं, पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरहि हंसतांना तो ओठ खालीं ओढून दांत झांकी. पैसा आल्यावर दांत काढून घेणें सहज शक्य होतें. पण आवाज बिघडेल ह्या भीतीनें त्यानें ते कधीं काढले नाहींत. बाराव्या वर्षाच्या सुमारास पांच मुलांनीं मिळून शाळेंत एक वाद्यवृंद काढिला. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड अशांचीं त्या काळचीं गाणीं ते वाजवीत. त्यांत फ्रेडी पिआनोवर असे. मुख्य गाण्याचा मान दुसऱ्याच मुलाकडे होता! शिक्षकांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी. ज्याला पुढें सत्तर हजार माणसें एका आवाजांत ओ देणार होतीं, तो शाळेच्या रंगमंचावर बाजूला बसून दुसऱ्याच्या गाण्याला साथ करीत होता, आणि ह्यांत कोणाला कांहीं वावगें वाटलें नाहीं.

१९६४ सालीं झांझिबारमध्यें राज्यक्रांति झाली आणि बुलसारा कुटुंब होतें नव्हतें तें सोडून इंग्लंडला गेलें. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नांवाच्या उपनगरांत त्यांनीं बिऱ्हाड केलें. मुलानें चित्रकलेच्या शाळेंत जाहिरातींच्या रेखनकलेचें शिक्षण घेतलें, १९६९ त पदविका मिळविली. मध्यंतरीं विमानतळावर सामान उचललें, बाजारांत जुने कपडे विकले. १९७० सालीं ब्रायन मे व रॉजर टेलर ह्या दोघांबरोबर त्यानें नवा वृंद उभा केला व त्याला 'क्वीन' हें नांव दिलें. पुढल्या वर्षीं जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला. वृंदाची राजमुद्रा ह्यानेंच चितारली: दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, अशा चौघांच्या जन्मराशी आणि वर पंख पसरलेला अग्निपक्षी. ह्याच सुमारास बुलसारा हें आडनांव गळालें आणि मर्क्युरी आलें.

आतां त्याच्या रूपांविषयीं. त्याच्या गाण्यांपेक्षां त्याच्या रूपांविषयीं जग अधिक बोललें, आणि आमचा अपराधहि रूप पाहूनच घडला.

पहिली ध्वनिमुद्रिका निघाली ती १९७३ सालीं. तेव्हां खांद्यावर रुळणारे केंस, डोळ्यांत काजळ, डाव्या हाताच्या नखांना काळा रंग, आणि हात पसरले कीं पंखांप्रमाणें उघडणारा पांढरा चुणीदार अंगरखा, असा त्याचा थाट असे. पुष्कळ टीकाकारांनीं ह्याची टर उडविली. १९७५ त 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें त्यानें रचिलेलें गाणें निघालें. गाणें तीन मिनिटांचें असावें असा त्या धंद्याचा रिवाज. हें जवळजवळ सहा मिनिटांचें. इतकें लांब गाणें कोण वाजवील, असें जाणत्यांनीं बजावलें. त्याच्या मधल्या भागांत मोठा गायकवृंद गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षांत तिघांनींच आपले आवाज फितीवर एकावर एक चढवून शंभराहून अधिक थर रचिले होते. इंग्लंडांत तें नऊ आठवडे पहिल्या स्थानीं राहिलें. आमच्या शाळेच्या प्रार्थनागीतांना तीन स्वरांत बसवितांना संगीताच्या मास्तरांची जी त्रेधा उडते ती आम्हीं पाहिली आहे. म्हणून ह्या थरांची गोष्ट तेवढी आम्हांला समजते. चर्चच्या शाळेंतल्या गायकवृंदांत उभें राहिल्याशिवाय असें कांहीं सुचेल असें आम्हांला वाटत नाहीं. पण हें आमचें अनुमान झालें.

१९७९ त तो रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर एका धर्मादाय कार्यक्रमांत नाचला. १९८० त त्यानें केंस कापले आणि मिशी राखली. आमच्या कपाटांतली तीच ती मिशी. भक्तांचा रोष इतका कीं, अमेरिकेंत प्रेक्षक दाढीचीं पातीं रंगमंचावर फेंकूं लागले. लोकांनीं ज्या रूपावर प्रेम केलें तें त्यांना कायमचें हवें असतें. गवयाचें वय वाढतें, त्याला कंटाळा येतो, हें त्यांच्या हिशेबांत नसतें. त्यानें मिशी काढली नाहीं. १९८४ सालीं एका गाण्याच्या चित्रफितीसाठीं चौघांनींहि बायकांचा वेष घेतला; हा गृहस्थ तर मिशीसकट झाडलोट करणारी गृहिणी झाला! इंग्लंड पोट धरून हंसलें. अमेरिकेला मात्र तें रुचलें नाहीं आणि तेथील त्याची लोकप्रियता ओसरली. ज्या महाराष्ट्रानें नारायणराव राजहंसांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलें आणि त्यांच्या शालूची नक्कल घराघरांतून केली, त्याला ह्यांत एवढें रागावण्यासारखें काय होतें हें सहसा कळणार नाहीं. अर्थात् नारायणराव मिशी ठेवीत नसत.

परंतु सगळेंच हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. त्याच वर्षीं क्वीननें दक्षिण आफ्रिकेंत सन सिटी येथें कार्यक्रम केले. काळ्या-गोऱ्यांना कायद्यानें निराळें ठेवणाऱ्या त्या देशाशीं कलावंतांनीं संबंध ठेवूं नये, असा संयुक्त राष्ट्रांचा आग्रह होता. इंग्लंडांतील संगीतकारांच्या संघटनेनें त्यांना दंड केला. आम्ही राजकारणी नाहीं, एवढेंच त्यांचें उत्तर. आफ्रिकेंत जन्मलेल्या आणि हिंदुस्थानांत वाढलेल्या माणसाकडून हें घडावें, ह्याचें आम्हांला वाईट वाटतें. त्याचें समर्थन आम्ही करूं शकत नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १३ जुलै १९८५ रोजीं, इथिओपियांतील दुष्काळपीडितांसाठीं लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर मोठा कार्यक्रम झाला. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. क्वीनला सुमारें एकवीस मिनिटें मिळालीं. साधी पांढरी बंडी घातलेला हा मनुष्य हातांत ती अर्धी काठी घेऊन पुढें आला आणि बहात्तर हजार माणसांना त्यानें मुलांच्या वर्गासारखें खेळविलें. तो एक तान घेई, सारें क्रीडांगण ती परत देई. ही काठी मूळची पुरती होती. आरंभींच्या काळांत कार्यक्रम चालू असतां ती मधेंच मोडली आणि तशीच त्यानें पुढें ठेविली, असें सांगतात. अनेक वर्षांनीं एका विद्यार्थ्यानें आपल्या फोनवर ह्या कार्यक्रमाचें चित्रण आम्हांला दाखविलें. गाणें आम्हांला त्या वेळींहि कळलें नाहीं. पण वर्ग ताब्यांत ठेवणें म्हणजे काय हें आम्ही तीस वर्षें शिकत होतों, आणि हा मनुष्य तें कसें करतो हें आम्हांला बरोबर कळलें.

१९८७ सालीं त्याला एड्स असल्याचें निदान झालें. आपल्या खासगी जीवनाविषयींच्या प्रश्नांना तो नेहमींच थट्टेवारी नेई. पांचगणी आणि झांझिबारविषयींहि तो क्वचितच बोले. आतां तर जवळच्या थोड्या माणसांखेरीज कोणालाच त्यानें कांहीं सांगितलें नाहीं. १९८८ त मोन्सेरा काबाये ह्या स्पेनच्या थोर गायिकेबरोबर त्यानें 'बार्सेलोना' ही ध्वनिमुद्रिका काढिली. पुढें अंग झिजत गेलें तरी आवाज टिकून होता, म्हणून तो गातच राहिला. १९९० च्या फेब्रुवारींत एका पारितोषिक-समारंभांत लोकांनीं त्याला पाहिलें, तेव्हां चेहरा इतका उतरला होता कीं तर्कांना ऊत आला. शेवटची चित्रफीत १९९१ च्या मे महिन्यांतली. चेहऱ्यावर रंगाचा जाड लेप, आणि चित्र कृष्णधवल. घराबाहेर वार्ताहरांचा पहारा बसला. २३ नोव्हेंबरला त्यानें आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो गेला. ज्यानें नांव, केंस, कपडे, सारें बदललें, त्याचे अंत्यविधि पारशी मोबेदांनीं केले.

त्यानें आधींच सांगितलें असतें तर इतर रोग्यांना धीर आला असता, असें तेव्हां कित्येक म्हणाले. हें म्हणणें अगदीं खोटें नाहीं. पण तें आमच्या तोंडीं शोभत नाहीं. कारण त्यानंतर तीन-चार वर्षांनीं आमच्या वसतिगृहांतल्या एका मुलाचे वडील ह्याच रोगानें वारले असल्याची कुजबुज झाली, तेव्हां कांहीं पालकांनीं त्या मुलाचें ताट वेगळें ठेवण्याचा हट्ट धरला, आणि आम्हीं तो आठ दिवस मानला. मुलाला कसलाहि रोग नव्हता. असता तरी तो ताटावाट्यांतून, शेजारीं बसण्यानें पसरत नाहीं. नवव्या दिवशीं डॉक्टरांनीं येऊन आम्हांला खडसावलें आणि मुलगा पंगतीस परत आला. आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून जेवला. असल्या जगांत आजार सांगावयाचा कोणाला? १९९६ च्या सुमारास ह्या रोगावर परिणामकारक अशीं एकत्रित औषधें आलीं. फ्रेडी मर्क्युरी त्याआधीं पांच वर्षें गेला होता. त्याच्या नांवानें त्याच्या मित्रांनीं काढलेला निधि एड्सच्या कामासाठीं पैसा देतो.

२०१८ सालीं त्याच्या चरित्रावर चित्रपट निघाला, आणि त्याची भूमिका करणारे रामी मालेक ह्यांना पुढील वर्षीं ऑस्कर मिळालें. चित्रपटानें घटनांची उलटापालट केली आहे; १९८७ चें निदान वेम्बलीच्या आधीं आणून ठेविलें आहे. पांचगणी तर त्यांत दिसतच नाहीं. तरी आमच्या मुलांच्या तोंडीं त्याचें नांव पुन्हां आलें, आणि आमचें कपाट आम्हांला अधिक जड झालें.

२०१९ च्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास तो मुलगा आला. मुलगा कसला, कानशिलावर केंस पिकलेले, बरोबर आठवींत शिकणारी कन्या. आम्हीं चित्र एका पाकिटांत घालून खिशांत ठेविलेंच होतें. तेंहतीस वर्षांत त्याचा पिवळा रंग फिका पडला होता आणि एक कोपरा गेला होता. त्याला बाजूला घेऊन आम्हीं पाकीट त्याच्या हातीं दिलें व म्हटलें, "अरे, तूं खरें बोलला होतास."

त्यानें चित्र पाहिलें. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, चित्राचें मी विसरलोंच होतों. तीं पन्नास वाक्यें मात्र आठवतात. एकेचाळिसाव्याला शाई संपली होती."

ह्याला काय उत्तर द्यावें हें आम्हांला सुचेना. आम्हीं हात जोडले. त्यानें ते घाईघाईनें खालीं धरले आणि "असूं द्या, सर, असूं द्या," असें दोनदां म्हणाला. मेळाव्याचा चहा आला, तो आम्ही दोघांनींहि घेतला नाहीं.

तेवढ्यांत मुलीनें वडिलांच्या हातांतून चित्र घेतलें. पिवळ्या जाकिटाकडे, मिशीकडे, त्या अर्ध्या काठीकडे तिचें लक्ष नव्हतें. चित्र डोळ्यांशीं धरून ती म्हणाली, "सर, हे तोंड असें मिटून कां धरतात? ह्यांचे दांत पुढें आहेत का?" तिच्या स्वतःच्या दांतांना तारा लावलेल्या होत्या.

आम्ही तिला बांकावर बसविलें आणि चार दांतांपासून सांगावयास आरंभ केला.